काराम्पा, कासवांचं माहेर

काराम्पा बेटावरची नवी पाटी वाचून दाएंग कानांगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे बेट पहिल्यापासून निर्मनुष्य असून समुद्री कासवांचं माहेर आहे, असं त्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

कानांग याच बेटावर जन्मली होती. थोडी घरं, पत्र्याची मशीद, गोड्या पाण्याची एकच विहीर. बेट मुलखाचं चंचल. पश्चिमेचा वारा सुटला की एका टोकाची वाळू उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकायचं. त्यात कुणाचं अंगण जायचं, कुणाला फुकट मिळायचं, आणि ज्याचं गेलं तो वर्षभर ज्याला मिळालं त्याच्याशी बोलायचा नाही. मग एकदा कासवं राखणाऱ्या सरकारी खात्याची बोट आली. बेट निर्मनुष्य राखायचं आहे, साहेबांनी सांगितलं. पण ते निर्मनुष्य नाहीये, अशी शंका एका म्हाताऱ्यानं काढली. तेवढ्यासाठीच तर आलोय, असं उत्तर मिळालं. माणसं, शेरडं आणि मशिदीचे पत्रे पलीकडच्या मोठ्या बेटावर गेले. मेलेल्यांना बोटीत जागा नव्हती.

आता त्यांचीही पाळी आली होती. निर्मनुष्य बेटावर कबरी दिसल्या तर कासवं बघायला येणारे पाहुणे काय म्हणतील, या चिंतेनं आताच्या साहेबांना ग्रासलं होतं. म्हणून कबरींचे दगड उपटून समुद्रात टाकायचे होते. काम होतं बेटाच्या राखणदाराकडे, म्हणजे कानांगच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे. रोज्यांचा महिना तोंडावर आलेला, कबरींवर केवड्याच्या पानांचं पाणी घालायचे दिवस. कानांग त्या पाण्याची किटली घेऊन तडक त्याच्यापुढे उभी राहिली.

"नोम्पो, सख्ख्या सासूचाही दगड उपटणार?"

"हुकूम आहे, दाएंग. माझ्या हातात काय आहे?" थोरल्या मेहुणीला मानाची हाक मारत तो म्हणाला.

"पहार आहे."

नोम्पोनं पहार पाठीमागे लपवली. मग तो तिची समजूत काढू लागला. कासवी म्हणे जिथं जन्मते तिथंच अंडी घालायला परत येते, कितीही समुद्र पालथे घालावे लागले तरी. म्हणून इथं तिचा हक्क पहिला.

"मीही इथलीच. थोरल्याच्या वेळी सासरहून पोट घेऊन इथंच आले होते. मग मला घाल की पाटीवर."

"तुम्ही अंडी घालत नाही ना, दाएंग."

तो थट्टा करत नव्हता. नियमच तसा होता. जिथं अंडी, तिथं पिवळी काठी. काठीच्या आसपास खुद्द साहेबांनाही पाय टाकायची बंदी, मग दगड हलवणं लांबच. हे त्यानं सांगितलं मात्र, कानांगनं त्याच्या खांद्यावरच्या जुडीतली एक काठी उपसली आणि आईच्या उशाशी ठोकली. मग मामाच्या. मग बांग देणाऱ्या म्हाताऱ्याच्या, जो जिवंतपणी तिला कधी आवडला नव्हता. काठ्या संपल्या तेव्हा नोम्पो बोटीकडे गेला आणि आणखी घेऊन आला.

दुपारी साहेब आले. एका ओळीत, सारख्या अंतरावर केलेली घरटी पाहून ते चक्रावले. इथं तर कबरी होत्या ना, त्यांनी विचारलं.

"कासवांनी अतिक्रमण केलं, साहेब," नोम्पो म्हणाला.

साहेबांनी काठ्या मोजल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. एवढी घरटी जिल्ह्यात कुठेच नव्हती. दगडांना कुणीही हात लावायचा नाही, अंड्यांना धक्का बसेल, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथं सोडला.

नोम्पोचा जीव भांड्यात पडला. कानांगचा मात्र जळत राहिला. आईची कबर माणसाची होती तेव्हा तिच्यासाठी कुणी बोट थांबवली नव्हती. आता आई कासव झाल्यावर साहेब तिच्यासमोर दबक्या आवाजात बोलत होते.

"बाई, मागं व्हा," ते कानांगला म्हणाले. "ही आई फार लांबून येते हो."

"ती इथंच होती. लांबून तुम्ही आलात."

आणि काठी ओलांडून ती आईच्या उशाशी बसली. अंडी भिजतील, अंडी भिजतील, म्हणून साहेब मागं कळवळत राहिले. किटली रिकामी होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.