पाठमोरा गुल्वेन

आमच्या बेटावर समुद्रात गेलेल्याचं प्रेत सहसा मिळत नाही. मग मेणाचा छोटा क्रूस करायचा, पांढऱ्या कापडावर ठेवून रात्र जागवायची आणि सकाळी तोच दफनभूमीत न्यायचा. माझ्या आजोबांचा, गुल्वेनचा, क्रूस मात्र तिथे नाही. त्याला कारण एक भिकार मूकपट.

पॅरिसची मंडळी तो काढायला आली होती. त्यांचा नायक होडीत पाय ठेवताच ओकायचा. म्हणून त्याचा कोट चढवून, कॅमेऱ्याकडे पाठ करून आजोबांनीच होडी हाकली. आजी, बार्बा, झाली नायकाची बहीण. नायक बुडाल्याची बातमी येते आणि घरात क्रूस ठेवतात, असा प्रसंग होता. त्यांचा लाकडी क्रूस पाहून आजीला राहवलं नाही. "हा काय क्रूस? व्हा बाजूला!" म्हणत तिने देवळातली मेणबत्ती वितळवून खराखुरा केला. जिवंत माणसासाठी!

त्याच हिवाळ्यात आजोबा बुडाले. माझी आई तेव्हा आजीच्या पोटात होती. "त्याचा क्रूस मी आधीच केलाय," एवढंच आजी म्हणाली आणि दुसरा करू दिला नाही. त्यानंतर ती कधी हसली नाही.

आजोबांचा एकही फोटो नाही. त्यामुळे तो मूकपट कुठेतरी सापडून आमच्या सभागृहात लागला, तेव्हा म्हातारी आई पहिल्या रांगेत जाऊन बसली. "एकदा चेहरा दिसू दे गं," म्हणाली.

पडद्यावर नायिका डोळे फिरवत छाती पिटत होती. मागून शेजारचा लाँइग आईला ओरडून म्हणाला, "सोआझिग, हिच्यापेक्षा समुद्र परवडला!" सगळे हसले. मीही हसले.

मग होडी आली. रुंद पाठ. आई पुढे वाकली. "वळा ना बाबा," ती पुटपुटली. ते वळू लागले आणि नेमका तेव्हाच पावडर फासलेला नायक पडद्यावर. दर वेळी तेच. मला त्या मेल्याचा गळा धरावासा वाटला.

शेवटी नायक जिवंत परततो. गल्लीतून चालत येणारी पाठही आजोबांचीच. दार उघडतं. दारात आजी, कोवळी पोर. त्यांना पाहून ती अशी खळखळून हसली, की ते सिनेमातलं हसू नव्हतंच.

आईने माझा हात घट्ट धरला. "अझेनोर, ही माझी आई?"

"हो."

"ही अशी हसायची?"

आजोबांचा चेहरा दिसलाच नाही. घरी आल्यावर आईने मेणबत्ती मागितली आणि दोन क्रूस केले.

"दुसरा कुणाचा गं?" मी विचारलं. "आजीला तर आपण जमिनीत पुरलंय."

"म्हातारीला पुरलं," आई म्हणाली. "हा दारातल्या त्या पोरीचा. ती बाबांबरोबरच गेली."