बिनकानाचा कप

वैजीनाथ गुरुजींच्या समतेपायी धुरपदाबाईचे चार कप फुटले होते.

कप साधे नव्हते. पातळ चिनी मातीचे, निळ्या वेलबुट्टीचे सहा कप तिच्या भावानं, बन्सीधरनं, हैदराबादहून धोतरात गुंडाळून आणले होते. तो पूर्णेला रेल्वेत होता. कप दिले आणि पुढच्याच वर्षी तापानं गेला. त्यानंतर माहेर म्हणून तिच्याजवळ जे काही उरलं, ते फडताळातले हे सहा कप.

अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत त्यांना धक्का लागला नाही. दलित वस्तीतलं कुणी कामाला आलं की गोठ्याच्या कोनाड्यातला बिनकानाचा कप खाली यायचा. चहा प्यायचा, कप आपल्या हातानं धुवायचा, परत ठेवायचा. गुरुजींना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला आणि गुरुजींनी मोठ्या चपळाईनं दोन पत्रकांवर सह्या केल्या. एक नामांतराच्या बाजूचं, दुसरं विरोधातलं. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुरेख. वारं कुठून वाहतंय ते कळल्यावर त्यांनी पुरोगामी व्हायचं ठरवलं. आता पुरोगामी माणसाच्या घरी दलित कार्यकर्ते येणार, साहेब लोक येणार, त्यांना गोठ्यातला कप कसा द्यायचा? मग निळा कप बाहेर निघायचा. गुरुजी पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकून चहा पाजायचे, फाटकापर्यंत सोडायला जायचे आणि परत आले की उकिरड्याकडे बोट दाखवायचे.

"फोडून टाक. मोरीत निसटला म्हनायचं. बायकांच्या हातून निसटतच असतंय."

स्वतः त्यांनी एकही कप फोडला नाही. अहिंसेवर त्यांचं वेगळं व्याख्यान होतं.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत, नामविस्ताराला महिना झाला असेल नसेल, गावच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं. विषय होता, थोर कादंबऱ्यांतला दुहेरी माणूस. अध्यक्ष म्हणून परभणीच्या कॉलेजातले प्राध्यापक दत्तराव येणार होते. हे दत्तराव याच गावचे, दलित वस्तीतल्या सरजाबाईचे. सरजाबाईनं गुरुजींच्या रानात आणि गोठ्यात अठरा वर्षं राबून पोराला शिकवलं होतं. गुरुजींना दत्तरावांकडून आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकाला प्रस्तावना हवी होती. पुस्तक तयार होतं, छापणारा तयार होता, फक्त वर एक वजनदार आणि चालू काळाला शोभणारं नाव पाहिजे होतं.

"पाच वाजता व्याख्यान, मंग चहाला इकडंच आनतो," गुरुजी धोतराचा सोगा झटकत म्हणाले. "चांगल्या कपात दे. पुढचं तुला ठावं हाय."

"दोनच राह्यलेत."

"मंग एक राहील," गुरुजी म्हणाले आणि आरशात बघून टोपी नीट केली.

पाच वाजता धुरपदाबाई वाचनालयात बाईमाणसांसाठी टाकलेल्या सतरंजीवर जाऊन बसली. नवऱ्याचं व्याख्यान ती पहिल्यांदाच ऐकत होती.

गुरुजी झकास बोलले, यात वाद नाही. थोर लेखकाच्या कादंबरीतला माणूस म्हणजे एका कातडीत दोघं, असं ते म्हणाले. एक चारचौघांत मिरवणारा, एक कोंडून ठेवलेला. दोघं एकाच ताटात जेवतात, पण एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. शेवटी त्यांचा आवाज कापरा झाला. "आणि श्रोतेहो, लेखकाचं सारं कसब कशात? तर या दोघांची समोरासमोर गाठ घालून देण्यात. ती गाठ पडल्याशिवाय कादंबरी संपत नाही."

टाळ्या पडल्या. शेजारची केशरबाई पदरानं डोळे पुसायला लागली. धुरपदाबाईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःची किळसही आली. कारण नवऱ्यातली दोन माणसं इतकी वर्षं वेगळी ठेवली कुणी? तिनंच. निळा कप पुढं करणारे हात तिचे आणि उकिरड्यावर नेऊन फोडणारेही तिचेच. सरजाबाईच्या कपात वरून, हात आखडून चहा ओतणारीही तीच. ती लगबगीनं घरी आली, आधी गोठ्यात गेली आणि मग चूल पेटवली.

दत्तराव येऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसले. गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवलाच होता. प्रस्तावना चार पानी असावी की सहा, इथपर्यंत बोलणं आलं होतं. धुरपदाबाई ताट घेऊन बाहेर आली. निळा कप तिनं दत्तरावांच्या हातात दिला. गोठ्यातला बिनकानाचा गुरुजींसमोर ठेवला.

गुरुजींनी तो पाहिला. हा कप उचलून आत पाठवावा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायला समोर दत्तराव. गुरुजींनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर बसवली.

"माय कशी हाय, दत्तराव?" धुरपदाबाईनं विचारलं.

"बरी हाय, काकू. डोळ्यानं कमी दिसायलंय." दत्तराव गुरुजींसमोरच्या कपाकडे बघत होते. त्यांनी तो हळूच उचलून तळ पाहिला. तळाला लाखेचा काळा ठिपका होता. "हा मायनं सांधलाय. तडा गेल्ता, तर तुमी दुसरा देनार न्हाई म्हनून बांगडीवाल्याकडून लाख मागून आनली व्हती. लय दिवस झाले. मला वाटलं, फेकून दिला असंल."

"न्हाई," धुरपदाबाई म्हणाली. "फेकलेत ते दुसरे."

दत्तरावांनी कप पुन्हा गुरुजींसमोर ठेवला, कडेवरून सांडलेला थेंब बोटानं पुसला. "घ्या गुरुजी. निवायलाय."

एखाद्यानं कप परत सरकवला असता. तेवढा हट्ट तरी प्रामाणिक ठरला असता. पण प्रस्तावना अजून मिळाली नव्हती. गुरुजींनी तो कप उचलला, दोन्ही हातांनी धरला, कान नव्हता म्हणून, आणि डोळे मिटून पिऊन टाकला. घोट उतरताना गळ्याची घाटी वरखाली होत होती. त्यांचा इतका तिरस्कार धुरपदाबाईला चार कप फोडतानाही वाटला नव्हता. विटाळ मानणारा निदान कशाला तरी धरून असतो. हा माणूस विटाळही धरून नव्हता.

"प्रस्तावनेचं तेवढं..." गुरुजी ओठ पुसत म्हणाले.

"लिहितो की. पण सुरुवात मायच्या कपापासून करावी लागंल," दत्तराव म्हणाले. मग निळा कप रिकामा करून त्यांनी तो धुरपदाबाईच्या हातात दिला आणि चपला घातल्या. "चहा लय चांगला झाला, काकू. मायला सांगतो."

गुरुजी फाटकापर्यंत गेले नाहीत. ते मोरीत जाऊन घसा खरवडून चूळ भरत राहिले. बादलीभर पाणी संपलं. पंच्यानं तोंड पुसत ते चुलीपाशी आले तेव्हा धुरपदाबाई दोन्ही कप ताटात घेऊन उभी होती.

"एकातून ते प्याले, एकातून तुमी," ती म्हणाली. "कोन्ता फोडू?"

गुरुजींनी एकदा निळ्या कपाकडे पाहिलं, एकदा बिनकानाच्या. मग पंचा खांद्यावर टाकून ते ओसरीवर निघून गेले.

धुरपदाबाईनं दोन्ही कप एकाच पाण्यात विसळले, निळा फडताळात पालथा घातला आणि भांड्यात उरलेला चहा बिनकानाच्या कपात ओतून घेऊन चुलीपुढं प्यायला बसली.