घोंगडी घातलेला घोडा

जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, बर्फाने डोंगर पांढरा झाला त्या सकाळी मालिनेओने मेलेल्या नवऱ्याची घोंगडी घोड्यावर चढवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून छातीवर पिन मारली. झालं! गावाला हिवाळाभर पुरेल एवढा उद्योग मिळाला.

घोडा कसला, फासळ्यांचा सापळा. खालच्या हॉटेलवाल्याने उन्हाळाभर त्याच्यावरून पाहुणे मिरवले आणि पाठ सोलून निघाली तसं खिंडीत सोडून दिलं, हरामखोराने. मालिनेओने त्याला एकटीने ओढत आणलं तेव्हा कुत्रंही मदतीला आलं नव्हतं. घोंगडी बघायला मात्र अख्खं गाव लोटलं.

सगळ्यात पुढे दीर, लेफा. "वहिनी, ही दादाची घोंगडी."

"हो. तुझ्या दादाला आता थंडी वाजत नाही."

"नुसती टाकली असतीस तर गोष्ट वेगळी होती. तू पिन मारलीस. म्हणजे टाकली नाही, घातली. आणि घोंगडी घालतो तो माणूस!"

"पिन तरी धड मारायची," शेजारीण मान्थोफेला फिसकन हसली. "छातीवर बायका मारतात गं! हा तर नर. उजव्या खांद्यावर हवी."

"मग दाखव त्याचा खांदा, मारते तिथे."

तिघं-चौघं खरंच घोड्याचा उजवा खांदा शोधायला लागले.

मालिनेओचं लक्ष घोड्याच्या थरथरीवर होतं. सकाळी ती जोरात होती, आता मंदावत चालली होती. हे वाईट. अंगात जाळायला काही उरलं नाही की थरथरही थांबते. चरबी नाहीच, होतं नव्हतं ते मांस जळत होतं. घोंगडी वारा अडवते, ऊब देत नाही. घोड्याची चूल त्याच्या पोटात असते. सुका चारा आत आंबत राहतो, त्यावर जनावर रात्र काढतं. तिचा चारा कालच संपला होता. लेफाच्या घरामागे मक्याच्या कडब्याची गंजी छपराला टेकली होती. मागितला तर म्हणाला, मरणाऱ्या जनावराला कशाला?

दुपारी प्रकरण गावप्रमुखाकडे, मोरेना सेखोन्यानांकडे गेलं. घोंगडी घातलेल्याला सभेच्या कुंपणाबाहेर ठेवणं हा घोंगडीचा अपमान, म्हणून घोड्याला माणसांत घेतलं. बसायला सांगितलं. बसला नाही.

"उद्धट आहे," एक म्हातारा म्हणाला.

"मला नमस्कार केला का याने?" मोरेनांनी विचारलं.

"नाही, मोरेना. शेपूट हलवली, पण ती बहुतेक माझ्याकडे बघून," म्हातारा म्हणाला.

लेफा उसळला. "मोरेना, दादाची घोंगडी, दादाचं अंगण! उद्या हा दादाचं शेतही मागेल. हिने याला माझ्या थोरल्या भावाच्या जागी बसवलाय!"

"ऐकलंत?" मालिनेओ ताडकन उठली. "थोरला भाऊ! स्वतःच्या तोंडाने म्हणाला. मग लेफा, तुझा थोरला भाऊ इथे उपाशी कुडकुडतोय आणि घरामागे गंजी रचून तू शेकत बसलायस. आजची रात्र नाही निघायची त्याची. लाज आहे का?"

मोरेना लेफाकडे वळले. "एक काय ते बोल. भाऊ की घोडा? घोडा असेल तर घोंगडी नुसती झूल, तुझी तक्रार संपली. भाऊ असेल तर पोस त्याला."

कडबा वाचवायला लेफाने 'घोडा' एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून गावभर बोंबलून आता सगळ्यांदेखत माघार घ्यायची? तेही वहिनीसमोर?

"भाऊ," तो दातांतून म्हणाला.

अंधार पडायच्या आत त्याने पाठीवरून भारे वाहिले. "नुसता टाकू नकोस, थोरला आहे," लोकांनी बजावलं, तेव्हा "खा, दादा," असंही म्हणाला. घोडा खातच राहिला. बऱ्याच वेळाने मालिनेओने घोंगडीखालून पोटाला हात लावला. आत गुरगुरत होतं. कातडी कोमट लागली.

तेवढ्यात मान्थोफेलाला शंका आली. "मोरेना, हा लेफाचा थोरला भाऊ, तर मालिनेओचा कोण?"

पुन्हा सगळे तावातावाने बोलायला लागले. मालिनेओने एकाकडेही पाहिलं नाही. ती पुढचा भारा सोडत होती.