बोगद्यात नाचू नये

ठोक्याच्या डाव्या कानात गेला महिनाभर एक बारीक शिटी वाजत होती. कुकरची नव्हे; कुकरची शिटी कधीतरी थांबते. उजवा कान मात्र सरळमार्गी थोरल्या भावासारखा गप्प होता, आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंना नेमकं तेच खटकलं.

“दोन्ही वाजत असते तर मी तुम्हाला नुसती ओरडले असते,” त्या म्हणाल्या होत्या. “एकच वाजतोय, म्हणून आत डोकावून बघू या. एमआरआय करून घ्या. कधी कधी कानाच्या शिरेवर छोटीशी गाठ असते.”

‘कधी कधी’ आणि ‘छोटीशी’ हे शब्द धीर द्यायला वापरतात. ठोक्याच्या डोक्यात ते आठवडाभर बूट घालून फिरत होते.

ठोक्या हे अर्थातच खरं नाव नव्हे. टेबल, ताट, दार, झोपलेल्या माणसाची पाठ, जे समोर येईल त्यावर बोटं वाजवायची म्हणून घरच्यांनी ते ठेवलं, आणि पुढे त्याला टेक्नोचं वेड लागल्यावर ते शोभूनही दिसायला लागलं. टेक्नो म्हणजे एकच ठोका, तासन्‌तास. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत. न आवडणाऱ्यांना वाटतं की शेजारचा माणूस भिंतीत खिळे ठोकतोय. आवडणाऱ्यांनाही तसंच वाटतं, फक्त त्याने थांबू नये असंही वाटतं.

या दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी ठोक्या ‘धडधड’ नावाचं मासिक काढायचा. सामान, तब्येत आणि वाचन अशी त्यात सदरं होती आणि सगळी तोच लिहायचा. ‘सामान’साठी कानात घालायच्या बुचांची चाचणी तो घरी, दार लावून, पलंगावर बसून घ्यायचा, सगळी बुचं उत्तम चालायची. ‘वाचन’मध्ये जाडजूड पुस्तकांची शिफारस असायची आणि ‘पहिली चाळीस पानं विशेष सुंदर’ असा शेरा. कार्यक्रमांची परीक्षणं तेवढी त्याच्या मित्राकडे होती. त्याला सगळे भिंतोबा म्हणत, कारण कुठल्याही कार्यक्रमात तो मागच्या भिंतीशी हाताची घडी घालून उभा असायचा. पायाचा अंगठासुद्धा हलायचा नाही. ‘ज्याचा पाय हलत नाही त्याचा कान मेलेला आहे,’ असं ठोक्याने एकदा त्याला उद्देशून मासिकात लिहिलं. भिंतोबाने त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि मजकूर छापायला पाठवला.

तर आज ठोक्या एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसून दोन्ही गुडघे हलवत होता आणि शेजारी आत्या होती. आई आली असती तर रडली असती, बाबा आले असते तर त्यांनी यंत्राची किंमत विचारली असती, म्हणून आत्या. ती शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाली होती, पण आवाज अजून नोकरीत होता.

“‘लाउडस्पीकरच्या पुढ्यात उभं राहू नये,’” ती ‘धडधड’ उघडून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं वाचत होती. “‘अधूनमधून कानांना विश्रांती द्यावी. बूच ही चैन नाही, गरज आहे.’ कोणी लिहिलंय रे हे?”

“मी.”

“छान लिहिलंयस. मग वाचलं का नाहीस?”

“आत्या, मी संपादक आहे. वाचक वेगळे असतात.”

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” आत्या म्हणाली.

“आपण कोरडे पाषाण,” समोरच्या बाकावरचे काका म्हणाले. त्यांच्या मानेला पट्टा होता आणि पुढचा नंबर त्यांचा होता.

यंत्र चालवणारा टेक्निशियन बाहेर आला. माणसाशी बोलताना तो त्याच्या डोक्याच्या आत बघितल्यासारखा बघायचा. धंद्याची सवय असेल.

“धातूचं काही अंगावर? किल्ल्या, पट्टा?”

ठोक्याने किल्ल्या काढल्या. त्यांना ॲल्युमिनियमची एक देखणी डबी लटकत होती.

“हे काय?”

“कानातली बुचं.”

“सीलपण तोडलेलं नाही.”

“परीक्षणासाठी आलीत.”

टेक्निशियनने त्याला फोमची पिवळी बुचं दिली. “ही घालावीच लागतात. आवाज फार असतो.” ठोक्याने ती बोटांत वळली, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढली आणि एका झटक्यात बसवली. टेक्निशियन खूश झाला. इतकं व्यवस्थित कोणी घालत नाही म्हणाला. हे आपणच मासिकात लिहिलं होतं, ते ठोक्याने सांगितलं नाही.

मग त्याला फळीवर आडवं केलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी स्पंजच्या विटा खुपसल्या, तोंडावर पिंजरा बसवला आणि हातात रबरी फुगा दिला. “त्रास झाला तर दाबा, मी थांबवतो. बाकी एकच नियम, हलायचं नाही. हेडफोनवर बासरी लावू?”

“नको.”

“सगळे बासरी घेतात.”

“मला यंत्रच ऐकू द्या.”

टेक्निशियनने पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

फळी सरकत बोगद्यात गेली. क्षणभर काहीच नव्हतं. म्हणजे शिटी होती. कानात बूच गेलं की बाहेरचं जग उठून जातं आणि शिटी ऐसपैस मांडी घालून बसते. कधी कधी, ती म्हणत होती. छोटीशी.

आणि मग सुरू झालं. टक्. टक्. टक्. मग पोटाखालून कुठूनतरी ढम्‌ढम्‌ढम्‌ढम्, आणि त्या ढम्‌ढमच्या पाठीवर एक खर्जातली घरघर चढत चढत गेली. मध्येच सगळं तुटलं, आता संपलं वाटलं, आणि दुप्पट जोराने परत आलं. ठोक्याने दोन्ही डोळे उघडून वरच्या पांढऱ्या छताकडे बघितलं. कुठकुठल्या हॉलमध्ये, कुठकुठल्या तळघरांत त्याने हा ठोका शोधला होता! आणि तो निघाला कुठे, तर दवाखान्यात, एका यंत्राच्या पोटात. शिटी दिसेनाशी झाली. बूट घातलेले दोन्ही शब्द गर्दीत हरवले.

यंत्र थांबलं.

“काय होतंय?” टेक्निशियनचा आवाज आला.

“काही नाही. छान चाललंय.”

“मग फुगा का दाबताय?”

ठोक्याने हाताकडे लक्ष दिलं. हात अजून दाबतच होता. “मी रिकाम्या जागेत दाबत होतो.”

“कुठल्या रिकाम्या जागेत?”

“दोन ठोक्यांच्या मधल्या.”

टेक्निशियन पट्टे शोधायला लागला.

दुसऱ्या खेपेला फुगा छातीवर ठेवला, हातांवरून पट्टा घेतला, पायांवरून पट्टा घेतला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं, फक्त ते खांद्याएवढं रुंद होतं. खेप संपल्यावर टेक्निशियन स्वतः आत आला.

“डोकं हललं. चित्रात तुम्हाला तीन नाकं आलीत.”

“पण हातपाय तर बांधलेले होते.”

“म्हणूनच डोकं हललं असेल. साहेब, लोक इथे घाबरून हलतात. मी खूप बघितलेत. तुम्ही कशाने हलता?”

“आवडतंय,” ठोक्या म्हणाला.

टेक्निशियनने हा प्रकार कोणाला तरी विचारावा की काय असा विचार केला, आणि शेवटी आत्याला बोलावलं. जवळचं माणूस पाय धरून बसलं तर चालतं, फक्त अंगावर धातू नको. आत्याच्या अंबाड्यातून पिना निघायला लागल्या आणि निघतच राहिल्या. ट्रे भरला. टेक्निशियनने दुसरा आणला. “काकू, आत अजून काही आहे का?” “केस आहेत,” आत्या म्हणाली, आणि केस मोकळे सोडून, कानात पिवळी बुचं घालून ठोक्याच्या पायाशी बसली.

“सावधान!”

ठोक्या काठीसारखा ताठ झाला. बाहेर मानेच्या पट्ट्याचे काकाही उठून उभे राहिले, असं नंतर कळलं.

आणि खरोखरच जमत होतं. नडगीवर आत्याचे हात घट्ट होते. यंत्राने ढम्‌ढम् केलं, घरघर केली, ठोक्या सावधान होता. मग यंत्राने चाल बदलली. ढम् टक्, ढम् टक्, अगदी साधी, दणकट. डाव्या नडगीवर दाब आला. मग उजव्या. मग डाव्या. एक दोन, एक दोन. ठोक्याच्या गुडघ्यांनी आज्ञा पाळली, शाळेपासूनची सवय.

“काकू!” यंत्र थांबवून टेक्निशियन ओरडला.

“मी काय केलं?”

“तुम्ही त्यांना चालवताय!”

आत्याने स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या भलत्याच पोरांकडे बघावं. “ठेका चांगला आहे हो,” ती ओशाळून म्हणाली.

“हे तुमच्या घराण्यात आहे का?”

आत्याला बाहेर पाठवलं. टेक्निशियन पिंजऱ्यावर वाकला. आता त्याचा आवाज खाली आला होता. “साहेब, बाहेर काका खोळंबलेत. आता शेवटचं. नाही जमलं तर भूल देऊन करावं लागेल, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.”

पुढचा महिना. ठोक्याने एक आठवडा कसा काढला होता ते त्यालाच ठाऊक. उभ्याने जेवला होता, दात घासत जिने चढला-उतरला होता. शांत बसलं की शिटी, आणि शिटी म्हटलं की ते दोन शब्द. आणखी महिनाभर हलत राहिलो तर माझा भुगा होईल, त्याला वाटलं. फळी सरकली.

न हलता हे ऐकणारा असा एकच माणूस त्याच्या माहितीत होता.

ठोक्याने मनातल्या मनात मागच्या भिंतीला पाठ लावली आणि हाताची घडी घातली. यंत्र सुरू झालं. ‘सुरुवात आश्वासक आहे,’ तो मनात म्हणाला, भिंतोबाच्या त्या थंड, किंचित सर्दी झालेल्या आवाजात. ‘मात्र ठोका दमदार असला तरी त्यात नावीन्याचा अभाव जाणवतो.’ डाव्या पायाचा अंगठा उठता उठता थबकला. ‘घरघर याआधीही ऐकलेली आहे. पाच मिनिटांपूर्वीच ऐकलेली आहे.’ अंगठा निजला. ‘मध्यभाग रेंगाळतो.’ मान गप्प. ‘कलाकाराला बोगद्याबाहेरच्या प्रेक्षकांची फिकीर दिसत नाही.’ खांदे गप्प. काय हे, त्याला वाटलं, नुसती खोट काढली की माणूस दगड होतो!

मग यंत्र मध्येच थांबलं. दोन चालींमधली विश्रांती.

शिटी.

आजवर या जागी ठोक्या पळाला होता. बोटं वाजवून, पाय हलवून, फुगा दाबून. पण परीक्षकाला मधूनच उठून जाता येत नाही. कार्यक्रम पुरता ऐकावा लागतो. तो ऐकत राहिला. ‘सूर एकच. पट्टी फार वरची. किंचित थरथर आहे. कलाकार नवखा असावा, थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही.’ मग शब्द आले, बुटांसकट. त्यांच्यासाठी भिंतोबाकडे तयार वाक्य नव्हतं. गाठ असेल तर, ठोक्या मनात म्हणाला, या वेळी स्वतःच्या आवाजात. असेल तर असेल, आणि मग ती कापायची, आणि मग हा कान कदाचित जाईल, आणि मग मी एका कानाने ऐकेन. हे वाक्य आठवड्यात पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं. भिंतोबा भिंतीशी उभा राहून काय ऐकत असेल, हे त्याला आत्ता समजलं. सगळंच ऐकत असेल, गाढव.

उजव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानाच्या दिशेने रांगत गेलं. भयंकर गुदगुल्या झाल्या. ठोक्या हलला नाही. पाण्यात धातू नसल्यामुळे यंत्रानेही हरकत घेतली नाही.

“आलं!” टेक्निशियन स्पीकरवर ओरडला. “एकच नाक!”

मग काका आत गेले आणि तासभर काहीच घडलं नाही. ठोक्या बाकावर बसून होता. आत्या पिना परत खोचत होती. तिने दोनदा त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. ते स्थिर होते. तिला ते आवडलं नाही.

“बरा आहेस ना?”

“ऐकतोय.”

“काय?”

“शिटी.”

आत्याने पिना ठेवून त्याचा हात धरला, आणि तीही काही न बोलता बसली. हे तिच्या बाबतीत यंत्राहून मोठं नवल होतं.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं उजेडाच्या पडद्यावर लावली, चष्मा वर केला, खाली केला. “शीर स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “गाठ नाही. कुठेच नाही.”

“कधी कधी पण नाही?” ठोक्याने विचारलं.

“कधी कधी पण नाही.”

“मग शिटी?”

“ती लाउडस्पीकरची कमाई. कमी होईल. पुरती जाईल असं वचन देत नाही. आणि यापुढे बूच वापरा. बूच ही चैन नाही, गरज आहे.”

आत्याने हातातल्या ‘धडधड’कडे बघितलं. “बाई, तुम्हीपण हे वाचता?”

“काय?”

“काही नाही, काही नाही. चल रे.”

बसथांब्यावर येऊन ठोक्याने भिंतोबाला कळवलं, ‘गाठ नाही.’ लगेच उत्तर आलं, ‘चांगलं झालं. यंत्र कसं होतं?’ ठोक्याने बराच विचार करून लिहिलं, ‘मी हललो नाही.’ त्यावर उत्तर आलं नाही. भिंतोबा हाताची घडी घालून बसला असावा.

समोर रस्ता खणत होते. खोदणारं यंत्र डांबरावर ठाण्‌ठाण्‌ठाण् आपटत होतं. ठोक्याने किल्ल्यांची डबी काढली, सील तोडलं, पाळी वर ओढली आणि दोन्ही बुचं घातली. रस्ता लांब गेला. शिटी जवळ आली, आणि तो तिच्याशेजारी उभा राहिला. आत्याचे ओठ हलत होते. त्याने एक बूच काढलं.

“काय?”

“म्हटलं, दवाखान्यातल्यासारखं आणखी कुठे, पैसे देऊन, ऐकायला मिळतं का रे?”

“मिळतं. शनिवारी एक कार्यक्रम आहे.”

“मला बसायला जागा असेल?”

“मागे भिंत आहे. एक जण असतो तिथे, तुला सरकून जागा देईल.”

“भिंतीशी कशाला?” आत्या म्हणाली. तिचा डावा पाय खोदणाऱ्या यंत्राबरोबर उचलला जात होता, मग उजवा. “मी काय तिथे सावधान उभी राहायला येतेय?”

ठोक्याने खिशातून दवाखान्यातली पिवळी बुचं काढली आणि तिच्या हातावर ठेवली.