झाकण उघडलं तेव्हा ऊन गेलं होतं

मित्रांनो, मी कुकर आहे. जुना आहे, दोन ठिकाणी पोचा पडलाय, आणि बुडाचा काळेपणा आता कितीही राखेनं घासला तरी जात नाही. तुमच्या घरातला चकचकीत कुकर आपली कहाणी सांगायला बसला, तर आपण किती झटपट शिजवतो हेच तो सांगेल. मीही एके काळी तसाच होतो. पण मला सांगायचं आहे ते एका संध्याकाळचं. ती आठवली की अजून खाली मान घालावीशी वाटते. कुकरला मान कुठली, असं म्हणाल. दांडा आहे ना, तीच मान समजा.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमची एक गोल चकती यंत्राखाली धडाधडा दाबली आणि मी झालो. तिथून पेट्यांत बसून सांगलीला आलो. गणपती पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात मला पुढच्याच फळीवर मांडलं होतं. शेजारी तांब्यापितळेची भांडी. जड, ऐटबाज, पिढ्यान् पिढ्या टिकणारी. मी मात्र मनात म्हणायचो, तुम्ही बसा तासतासभर चुलीवर. माझ्यासारखी शिट्टी कुणाला मारता येते का? उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साल असावं. कृष्णेकाठच्या एका गावचा धन्यकुमार हळदीच्या कामानं सांगलीला आला आणि मला बघून दुकानात शिरला. तरणाबांड शेतकरी, आणि नव्या वस्तूचं भारी वेड. गावात पहिला ट्रान्झिस्टर त्यानंच आणलेला. दुकानदारानं त्याला सगळं नीट समजावलं. रबर कसं बसवायचं, पाणी किती घालायचं, वाफ कशी जाऊ द्यायची. पण धन्यकुमारचं अर्धं लक्ष एस.टी.च्या वेळेकडे. "कळलं, कळलं," म्हणत त्यानं मला उचललं. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "ह्ये कसलं यंत्र म्हणायचं, पाटील?" तेव्हा तो छाती फुगवून म्हणाला, "अर्ध्या तासात भात, डाळ, समदं!" मीही मांडीवर बसून फुगलो.

घरात दोघी बायका. धन्यकुमारची आई राजमती आणि बायको गुणमाला. घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्या घराचा रिवाज. राजमतीबाईंनी तर लहानपणापासून तो एकदाही मोडला नव्हता. शेजारची रंगूबाई कौतुकानं म्हणायची, "आमच्याकडं घड्याळ न्हाई, पर राजमतीकाकूंच्या घरातली ताटं वाजली की समजायचं, दिवस बुडाय आला."

पहिल्या संध्याकाळी धन्यकुमारनं स्वतःच मला चुलीवर चढवून दाखवलं. शिट्टी झाली, आणि काय सांगू! गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. राजमतीबाईंनी दोन्ही कानांवर पदर धरला. रंगूबाई दारात येऊन ओरडली, "आग लागली का काय गं?" मग त्यानं मला खाली उतरवलं, आणि सगळे हसत, बोलत, मला न्याहाळत बसले. गप्पा संपल्यावर त्यानं झाकण सहज फिरवून काढलं. ह्या गप्पांच्या वेळात मी थंड झालो होतो, माझी वाफ विरली होती. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गुणमालेनं डोळे भरून पाहिलं आणि तिला वाटलं, आलं आपल्याला. मित्रांनो, बघणं निराळं आणि करणं निराळं.

त्यानंतर मला घासूनपुसून फळीवर पितळी डब्यांच्या शेजारी ठेवलं. येणारी जाणारी माणसं बघून जायची. मी नुसता मिरवायचो.

मग फाल्गुन आला. फाल्गुनात शेतावर हळद शिजवतात. काईल म्हणजे मोठी लोखंडी कढई. ती एकदा चुलाणावर चढली की कुणाला हलता येत नाही. त्याच दिवसांत अष्टान्हिका पर्वही होतं, आणि त्या आठ दिवसांत राजमतीबाई एकभुक्त राहायच्या. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही उन्हं असताना. रोज त्या दुपारी जेवत. पण त्यातल्या एका दिवशी काईल दुपारीच चढणार होती.

तेव्हा गुणमाला म्हणाली, "आत्याबाई, तुमी निवांत या. सांजचं जेवा. कुकर हाय की! दिवस मावळायच्या लय आधी ताट वाढते."

रंगूबाईही तिथंच होती. "भाग्याच्या हायसा काकू तुमी," ती राजमतीबाईंना म्हणाली. फळीवर बसल्या बसल्या मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

गुणमालाही दिवसभर हळद वेचत होती. ती धावतपळत घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं तांदूळ धुतले, डाळ धुतली, मला चुलीवर चढवलं. शिट्ट्या झाल्या. मी काम चोख केलं. भात शिजला, डाळ शिजली. आणि मग तिनं केलं ते पिढ्यान् पिढ्या तिथल्या बायका करत आल्या आहेत. लाकडं ओढून घेतली आणि मला निखाऱ्यावरच मुरत ठेवलं. पातेल्यातला भात असाच मुरवतात, म्हणून तो मऊ होतो. पण मी पातेलं नव्हतो. निखाऱ्याची धग लागत राहिली आणि माझ्या पोटातली वाफ काही कमी होईना.

राजमतीबाई रंगूबाईबरोबर शेतावरून आल्या. पाय धुतले, पाटावर बसल्या. समोर ताट मांडलेलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं आणि ते हळूहळू वर चढत होतं. गुणमालेनं दांडा धरून झाकण फिरवलं. हलेना. पुन्हा जोर केला. हलेना.

"चिमट्यानं धर गं," रंगूबाई म्हणाली.

"नगं, जोर करू नगंस, पोरी. भाजून घेशील," राजमतीबाई म्हणाल्या.

ऊन भिंतीवर आणखी वर सरकलं. गुणमालेला घाम फुटला. मला ठाऊक होतं, मित्रांनो! मला निखाऱ्यावरून उचला आणि तांब्याभर गार पाणी ओता, एवढंच हवं होतं. पण शिट्टी मारणाऱ्या मला बोलता कुठं येत होतं?

रंगूबाई कुजबुजली, "काकू, गुळाचा खडा तरी घ्या. न्हाईतर घोटभर दूध."

राजमतीबाईंनी मान हलवली. गूळ खाल्ला असता तर तेच त्यांचं त्या दिवसाचं एकमेव जेवण झालं असतं, आणि सुनेनं मांडलेलं ताट रिकामं राहिलं असतं. चारचौघींत तिची शोभा झाली असती. म्हणून ती माउली माझ्याकडे बघत बसून राहिली. शेवटपर्यंत वाटत होतं, आता उघडेल, आता उघडेल.

ऊन फळीपर्यंत गेलं. पितळी डबे क्षणभर लखलखले. मग ऊन गेलं.

राजमतीबाईंनी हात जोडले आणि ताट हळूच बाजूला सारलं. "आज उपास घडला म्हणायचं," एवढंच त्या बोलल्या, आणि माळ घेऊन जपाला बसल्या.

थोड्या वेळानं निखारे विझले आणि माझं झाकण आपसूक सैल झालं. आतला भात मोगऱ्यासारखा फुलला होता. त्या घरात आता तो कुणी खाणार नव्हतं, म्हणून गुणमालेनं तो रंगूबाईकडे पोचवला. रंगूबाई भिंतीपलीकडून ओरडली, "गुणमाला, लय झ्याक झालाय गं भात!" आजवर माझी पुष्कळ वाहवा झाली, पण ती वाहवा ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुणमाला चुलीपुढं बसून पदरात तोंड खुपसून रडत होती. धन्यकुमार शेतावरून आला, आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि दुकानात आपण काय काय ऐकलं नाही ते त्याला आठवत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काईलीपाशी राजमतीबाईंना घेरी आली. त्या बांधावर बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा उठल्या. पण गावात बातमी झालीच. गुणमाला बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात गेली की बायका तोंडाला पदर लावून विचारायच्या, "काय गं, उघडला का?" पाणवठ्यावर तेच. हळद पॉलिश करताना तेच. गुणमाला मान वर करत नसे. आणि राजमतीबाई? त्यांनी एका शब्दानं सुनेला दुखवलं नाही. तेच तिला जास्त लागत होतं, आणि मलाही. मला फळीवरून काढून माळ्यावर टाकलं. झाकण एका खिळ्याला, शिट्टी कोनाड्यात. उंदीर माझ्या पोटातून ये-जा करायला लागले, आणि मला वाटायचं, ठीकच आहे, आपली हीच लायकी.

पण पाडव्यानंतर एके दुपारी माळ्यावर हात आला. राजमतीबाई बस्तीत प्रवचनाला गेल्या होत्या. गुणमालेनं मला खाली काढलं, घासलं, आणि आत काय घातलं? नुसतं पाणी! ना डाळ, ना तांदूळ. शिट्टी झाली. झाकण घट्ट. तिनं घाबरत घाबरत फडक्यानं धरून मला मोरीत नेऊन ठेवलं. तिथं तिच्या हाताचा धक्का लागून भरलेला तांब्या माझ्यावर कलंडला. चर्रर् झालं. मी सुस्कारा टाकला, आणि झाकण सैल पडलं! गुणमाला बघतच राहिली. मग हसायला लागली. त्या फाल्गुनानंतर ती पहिल्यांदा हसली.

मग रोज दुपारी तेच. पाण्यावर हात बसल्यावर तांदूळ घेतले. एकदा खिमट झालं, एकदा भात करपला. म्हशीनं दोन्ही आवडीनं खाल्लं.

एक दिवस प्रवचन लवकर आटोपलं. गल्लीच्या तोंडाशीच राजमतीबाईंनी शिट्टी ऐकली आणि थेट चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. गुणमालेचा चेहरा पांढराफटक पडला.

"कवापासनं चाललंय ह्ये?"

"पाडव्यापासनं, आत्याबाई."

"आन् मला चोरून?"

गुणमाला खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या भुकंवर शिकाय गेले, तवा काय झालं ते बघितलंसा की. आता आधी पाण्यावर शिकून घ्यावं म्हटलं."

राजमतीबाई तिथंच खाली बसल्या. "पाण्यात पडल्याबिगर कुणाला पवाय येतंय व्हय? दाव मला बी. पर शीत दाबून बघितल्याबिगर भात शिजला ह्ये कळावं कसं?"

"कानानं, आत्याबाई. शिट्टीच्या आधी कसा सूं करतोय, त्यो ऐकायचा."

राजमतीबाईंनी कानावरचा पदर काढला आणि ऐकू लागल्या.

पुढच्या फाल्गुनात पुन्हा काईल चढली, पुन्हा अष्टान्हिका आली. शेतावर काय झालं ते मला रंगूबाईच्या तोंडून कळलं. दिवस कलला तशी ती म्हणाली, "काकू, जावा आता घरला. गेल्या सालचं ध्यानात हाय न्हवं?" बायकांनी एकमेकींकडं बघितलं. तेव्हा राजमतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घाई कशाला? काईल उतरू दे. आमच्या घरात कुकर हाय की!"

सुनेचेच शब्द, मित्रांनो, जसेच्या तसे. एकही बाई हसली नाही.

त्या घरी आल्या तेव्हा गुणमालेनं मला चुलीवरून उचलून मोरीत ठेवलं होतं. त्यांनी पाय धुवेपर्यंत तिनं तांब्या ओतला आणि झाकण उघडलं. भिंतीवरचं ऊन अजून फळीच्या पुष्कळ खाली होतं. राजमतीबाईंनी सवयीनं एक शीत बोटांत दाबून पाहिलं. मग वरण कालवून पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि हळूच विचारलं,

"गेल्या साली बी भात असाच झाला असंल न्हवं गं?"

गुणमालेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "व्हय, आत्याबाई. असाच झाला हुता."

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

माझं झाकण तेव्हा उघडंच होतं. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

मित्रांनो, तेव्हापासून त्या घरात मी किती वर्षं शिजवलं! आता माझ्या जागी नवा कुकर आला आहे. तुमच्याही घरात रोज काही ना काही नवं येईल. त्याला भिऊ नका आणि नुसतं बघून आलं असंही म्हणू नका. हात घाला, चुका करा. पण शिकायचं ते आधी नुसत्या पाण्यावर शिका, कुणाच्या भुकेवर शिकू नका. आणि शिकून झालं की, तुमच्या चुकीपायी उपाशी राहूनही जिनं गुळाचा खडा तोंडात घातला नाही, तिला पहिला घास वाढा. ऊन आहे तोवर वाढा.