बाळंतिणीचं पाणी

समुद्राकाठच्या गावात कपडे वाळत नाहीत, हे आचलला तिथल्या नर्सिंग कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. तिच्या अंजनगावात दोरीवर टाकलेलं लुगडं चहा होईस्तोवर खडखडीत होतं. इथे गणवेश रात्रभर पंख्याखाली ठेवला, तरी सकाळी दमटच अंगावर चढवावा लागे. खोलीतली तिची सोबतीण तुबा मूर्तिजापूरची होती. दोघी मेसच्या नारळ घातलेल्या आमटीत घरून आणलेला ठेचा कालवून जेवायच्या.

"आपल्याकडं जमिनीत पानी नाही, आन् इथं हवेतबी पानी. हा कसा इन्साफ आहे बापा?" तुबा म्हणायची.

आचल पूर्वी या बोलण्यावर खो खो हसायची. आता ती नुसतं "हो ना" म्हणायची आणि ताट धुवायला उठायची. मागच्या उन्हाळ्यात तिची थोरली बहीण शकुन बाळंतपणात गेली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. ती रडली नव्हती. दिवस झाल्यावर ती कॉलेजला परतली, गणवेश घालून पाळीवर गेली, कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणाली. खरंच ठीक आहे असं तिलाही वाटे, कारण आत काही हलतच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी बाळंतिणींच्या वॉर्डात पाळी लागली. तिथे विद्यार्थिनींचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक खाटेजवळ पाण्याचा जग भरून ठेवायचा आणि पाळी संपताना तो रिकामा झाला की नाही ते पाहायचं. "बाळाला दूध पाजायला सांगण्याआधी आईला पाणी पाजा," असं रोझलिन सिस्टर रोज बजावत. आचल खाटेमागून खाट पुढे जात जग भरायची. पहिल्या दिवशी एका बाईनं तिच्यासमोर अख्खा ग्लास घटाघटा रिकामा केला आणि आणखी मागितला. आचलनं तो भरून दिला. मग ती मोरीत गेली आणि नळ उघडा सोडून नुसतीच उभी राहिली.

शकुन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अमरावतीच्या दवाखान्यातून तिला तिसऱ्या दिवशी घरी आणलं. वऱ्हाडातला बाळंतिणीचा रिवाज जुना आहे. खोली बंद, खाटेखाली शेगडी आणि पाण्याला बंदी. सकाळ-संध्याकाळ बाळंतशेपाच्या काढ्याचे दोन घोट, बस. पाणी प्यायलं की पोट सुटतं, टाके ओले राहतात, बाळाला सर्दी होते. कारणं हवी तेवढी आहेत आणि एकही खरं नाही. शकुनला ताप भरला, तेव्हा "दूध उतरून राह्यलं" म्हणून घरच्यांनी शेगडीत आणखी कोळसे घातले. आचलला फोनवर "शकुन बरी आहे" एवढंच सांगितलं. लग्न न झालेल्या पोरीशी बाळंतपणाच्या गोष्टी बोलायच्या नसतात, मग ती नर्स होत असली तरी! शेवटी शकुनला दवाखान्यात हलवलं, पण तोवर फार उशीर झाला होता. तिचं बाळ वाचलं. ते सासरच्यांनी नेलं. नजर लागली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्या वर्षीच्या परीक्षेत प्रसूतीनंतरच्या जंतुसंसर्गावर प्रश्न आला. थंडी वाजून ताप, पोटात दुखणं, स्रावाला दुर्गंधी, नाडी जलद, जीभ कोरडी. आचलनं सगळी लक्षणं ओळीनं लिहिली. लिहिताना आईच्या तोंडून तेराव्याला ऐकलेला एकेक शब्द तिला आठवत होता. त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण पडले. हे सगळं आईला सांगावं असं तिच्या मनात कैकदा आलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या हातानं गेली म्हणून? तिनं ते गिळलं आणि अभ्यासाला बसली.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. अंगणात रांगोळी होती. वडील खुशालराव पानपिंपरीच्या मळ्यातून नुकतेच आले होते आणि हातपाय धूत होते. पिंपरीच्या औषधी वेलाला सावली लागते आणि रोजचं पाणी लागतं. एका दुपारी पाणी चुकलं तर खुशालरावांना जेवण जात नसे. भाऊ नितेश बैठकीत सतरंजी अंथरत होता. दुसऱ्या दिवशी अकोल्याचे पाहुणे आचलला पाहायला येणार होते.

"प्रणिता वहिनी कुठी आहे?" आचलनं विचारलं.

आई मैनाबाई स्वयंपाकघरात चिवडा परतत होती. तिनं मान वर केली नाही. "मागच्या खोलीत. तिले माय नाही ना वं, म्हनून बायतपन आपल्याच इथं केलं. पोरगी झाली. तू आत जाऊ नोको."

"काहून?"

"कुवारी पोर बायतिनीच्या खोलीत जात नसते. आन् आयक, उद्या त्या लोकाईपुढं बायतपनाचं काही बोलजो नोको. आमी सांगतलं, पोरगी दवाखान्याचं मोठं शिक्षन घेऊन राहिली. तितकंच राहू दे."

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून कोळशाचा वास येत होता. तोच वास. दारापाशी पाटावर मनकर्णाबाई बसली होती. ही खुशालरावांची मोठी बहीण. तिच्यावाचून या घरात बाळंतपण होत नसे आणि तिच्या शब्दापुढे खुशालरावही जात नसत.

"आत्या, वहिनीले पानी देता ना?" आचलनं विचारलं.

"पानी?" मनकर्णाबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "पाच लेकरं झाले मले. घोट पानी नाही देलं कोनी. मेली का मी?"

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. या घरात कोण मेलं, ते सगळ्यांना माहीत होतं. मग झारा पुन्हा कढईवर वाजू लागला. आचलनं आईला समजावलं, रात्री जेवताना नितेशला सांगितलं, वडिलांना सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! "पाहुने जाऊ दे, मंग पाहू," खुशालराव म्हणाले. ही माणसं दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील देवीदासराव, आई आशाबाई आणि मुलगा. आचल साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन मधल्या घरातून निघाली. मागच्या खोलीपाशी तिला एक बारीक आवाज ऐकू आला.

"आचल ताई... घोटभर..."

दार लोटलेलंच होतं. पाटावर कुणी नव्हतं. आत्या पाहुण्यांत जाऊन बसली होती. आचलनं ट्रे खाली ठेवला आणि आत पाऊल टाकलं. प्रणिता शेगडीच्या धगीत गोधडी ओढून कुडकुडत होती. ओठांवर सालं निघालेली. आचलनं कपाळाला हात लावला, मनगट धरलं. नाडी पळत होती. पोटाला हात लावताच ती कळवळली. गोधडी बाजूला केली तेव्हा वास आला. परीक्षेत लिहिलेलं ते उत्तर आता डोळ्यांसमोर खाटेवर पडलं होतं, आणि पाळण्यात पोरगी रडत होती.

तिला घाई वाटली नाही, भीतीही वाटली नाही. वॉर्डातल्यासारखे हात आपोआप चालू लागले. तिनं खिडकी उघडली, शेगडी उचलून मागच्या अंगणात ठेवली. बैठकीत पाहुण्यांसाठी पाण्याचा मोठा जग भरून ठेवलेला होता. ती सरळ तिथे गेली आणि जग उचलला.

"पोहे?" आशाबाईंनी हसून विचारलं.

"पोहे मागं आहेत. हे पानी वहिनीले पायजे," आचल म्हणाली. "दादा, गाडी काढ. वहिनीच्या पिशवीत जंतू झालेत. आत्ताच्या आत्ता अमरावतीले न्या लागते."

मनकर्णाबाई ताडकन उठली. "लाज आहे का वं तुले? परक्या मानसाईपुढं काय बोलून राहिली?"

"कुवारी पोर असून इले हे सारं कसं समजते?" आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"समजते," आचल म्हणाली. "मी नर्सिंग शिकतो. बायतपनं करतो. घरच्याईनं तुमाले सांगतलं नाही, ते त्याईचं चुकलं. शकुन ताईलेबी हेच झालं होतं. असाच ताप, असंच दार बंद." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, वेलाले एक दिस पानी नाही भेटलं तं तुमाले झोप येत नाही."

खुंटीवरची गाडीची किल्ली खुशालरावांनीच काढून नितेशच्या हातात दिली. देवीदासराव पोहे न खाताच उठले. मुलगा दारात थोडा घुटमळला, मग आईच्या मागे गेला. आचलनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती प्रणिताची मान उचलून घोट घोट पाणी पाजत होती.

अमरावतीच्या दवाखान्यात प्रणिताला पोरीसकट दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेत आणलंत." सलाइन लागलं, औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. प्रणितानं पाणी मागितलं. तिथल्या सिस्टरनं ग्लास दिला, तिनं आणखी मागितलं, सिस्टरनं आणखी दिला. मैनाबाई खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून ते बघत होती. प्रत्येक घोटाला तिचा गळाही हलत होता.

"शकुननं मले पानी मांगतलं होतं," ती एकाएकी म्हणाली.

आचल तिच्याजवळ सरकली.

"रात्रभर मांगे. आई, ओठ तरी ओले कर म्हने. मी दरवाजा ओढून घेतला. आयकू येऊ नये म्हनून." तिनं लेकीकडे पाहिलं. "खरं सांग वं आचल. मी देलं असतं, तापाच्या पयल्या दिवशी आनलं असतं, तं वाचली असती का?"

वॉर्डात नातेवाइकांना धीर कसा द्यायचा, हे आचल शिकली होती. नुसतं पाणी दिल्यानं तो आजार टळला असता असं नाही, हे तिला माहीत होतं. त्या एवढ्याशा आडोशामागे आईला लपू देता आलं असतं. पण सोय बघितली असती, तर हे दार उद्या पुन्हा बंद झालं असतं.

"पान्यानं आजार गेला नसता," ती म्हणाली. "पन पयल्याच दिवशी आनली असती तं बहुतेक वाचली असती, आई."

मैनाबाईनं मान हलवली. ती रडली नाही. इतके महिने आचल ज्या बधिर जागी एकटी बसली होती, तिथे आता आईही येऊन बसली. दोघी सांजेपर्यंत तशाच बसून राहिल्या आणि मधूनमधून प्रणिताचा ग्लास भरत राहिल्या.

अकोल्याहून निरोप आला, मुलगी पसंत नाही. गावात बोलणं झालं. मनकर्णाबाई भावाच्या घरी यायची बंद झाली. आचल सुट्टी संपवून समुद्राकाठी परतली. पुन्हा दमट गणवेश, पुन्हा वॉर्ड, खाटेमागून खाट जग भरणं.

संक्रांतीनंतर एका सकाळी पाळीवर निघताना घरून फोन आला. मैनाबाईचा श्वास लागला होता, जणू कुठून तरी चालत आली होती.

"अवं, आपल्या गल्लीतली देशमुखाची सून बायतीन झाली. दार लावून ठेवलं होतं तिचं. सासू मले आत येऊ दे ना. मी म्हनलं, माह्या शकुनले मी असंच मारलं, आता तुमाले नाही मारू देत. तांब्या घेऊन उंबऱ्यावरच बसली मी. उठलीच नाही."

"मंग?" आचलनं विचारलं.

"मंग काय. उघडलं दार." मैनाबाई थांबली. "प्याली वं पोरगी. सारा तांब्या प्याली."

आचलनं फोन कानाशी घट्ट धरला, आणि वर्ष उलटत आल्यावर पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुबा धावत आली, काय झालं म्हणून विचारू लागली. आचलनं खुणेनंच तिला थांबवलं. पलीकडे आई अजून बोलत होती, उद्या कुणाच्या दारी जायचं ते सांगत होती.