मामाचा अंगठा

लेपाच्या खोलीत हातमोज्यांशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा नियम भाचीने केला होता, आणि तो मोडायचा मान शेवटी मामानेच पटकावला. कृत्रिम गुडघ्यांचा कारखानाच त्याचा, त्याला कोण अडवणार! ती सकाळी बाहेर गेली असताना त्याने पाहुण्या डॉक्टरांना सगळीकडे फिरवलं, आरशासारखा घासलेला एक धातूचा गुडघा उघड्या हाताने उचलून दाखवला आणि परत ट्रेमध्ये ठेवून दिला. भाची परतली तोवर माल भट्टीतून लेप चढून बाहेर आला होता. सगळे गुडघे पिवळेधमक, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मामाने हाताळलेला कोणता, हे आता त्यालाही सांगता येईना. आणि हे सगळं तो कौतुकाने सांगत होता!

"हात दाखवून अवलक्षण ते हेच," भाची म्हणाली. "सगळे बाद."

"बाद? अगं, उद्या माल जायचाय! भट्टीत हाताचं कसलं तेल आणि कसला घाम, सगळं जळून जातं."

"जळतं आणि तिथेच चिकटून बसतं. त्यावर लेप धरत नाही. माणूस चालायला लागला की पापुद्रे सुटणार, सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या गादीवर कानशीसारखे फिरणार. मग पुन्हा पाय उघडा."

"एवढ्या मालात एकच तर आहे."

भाचीचं डोकं फिरलं. "ज्याच्या पायात जाईल त्याला तो एकच असतो, मामा!"

मामा खुर्चीत बसून सवयीने उजवा गुडघा चोळू लागला. पुढच्या महिन्यात त्याचंच ऑपरेशन होतं, आणि 'बसवीन तर घरचाच' असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. भाचीने ट्रे उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"मग आधी तुझा निवड. उरलेले मी स्वतः बांधून पाठवते."

"आगाऊपणा पुरे. मालक कोण आहे इथे?"

"तू. म्हणून पहिला मान तुझा."

मामाचा हात ट्रेवर गेला. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरला आणि मागे आला.

"थांब, तुझ्या आईलाच फोन करतो."

"कर. तिलाही विचार, कोणता घेऊ."

तिने तपासणीची टोकदार सुई घेतली आणि पहिल्या गुडघ्यावर कराकरा रेघा ओढल्या. ओरखडा पडला की तो तुकडा विकता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मामा ओरडला. तिने दुसरा घेतला. मग तिसरा. लेप कुठेच जागचा हलेना. मग एकावर मात्र सोनेरी पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. खाली करडा डाग होता.

मामाने चष्मा लावला. डागाशेजारी स्वतःचा अंगठा धरून पाहिला.

"डॉक्टरांना सांग, माझी तारीख पुढे ढकला," शेवटी तो म्हणाला. "नवा माल निघू दे, त्यातलाच बसवायचा. आणि तोवर मला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस."

"नाहीच देणार होते," भाची म्हणाली आणि खोलीची किल्ली तिने स्वतःच्या खिशात टाकली.